ढिलं बूच

नाडगीर साहेब वारल्याची बातमी भाचीनं आणली तेव्हा मी वांगी चिरत होते. चिरत राहिले. ती म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या खाणीचे जुने मॅनेजर ना ते? लोक फार चांगलं बोलून राह्यले त्याइच्याबद्दल. मजुरांवर जीव होता म्हणे." मी म्हटलं, "असेल." आणि भाजीत तिखट जरा जास्तच पडलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नसतं हे मला माहीत आहे. म्हणून बोलत नाही, लिहिते.

पण हे लिहिणं नाडगीरांवर नाही. त्यांच्यावर शाई कोण वाया घालवणार? हे डॉक्टर चेन्नूरवारांवर आहे. नाडगीर त्यात येतील ते माशी दुधात येते तसे.

घुग्घुसच्या अलीकडे वर्धेच्या काठाला एक खाजगी कोळसा खाण होती. तिच्या दवाखान्यात मी नर्स होते. इंग्रज जाऊन काही वर्षं झाली होती, जिल्ह्याला अजून चांदाच म्हणत. दवाखाना म्हणजे टिनाचं छप्पर, मोजक्या खाटा, एक कंपाउंडर, एक मी आणि एक डॉक्टर. डॉक्टर चांद्याचेच. विलायतेला हाडांचं शिकायला गेले आणि येताना ट्रंकेत विमान घेऊन आले. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची कोणाची छाती नव्हती, कारण विचारलेलं ते लक्षात ठेवत.

लक्षात ठेवणं हा त्यांचा स्वभाव नव्हता, धंदाच होता म्हणा ना. कुणी म्हटलं, "जाऊ द्या डॉक्टर, विसरा आता," की चष्म्यावरून पाहायचे आणि म्हणायचे, "विसराले मी काय देव आहो?" शेजारच्या ओव्हरमनची, म्हणजे खाणीतल्या मुकादमाची, कोंबडी एकदा त्यांच्या विमानाच्या पंखावर बसली आणि कागद फाटला. डॉक्टरांनी ती कोंबडी विकत घेतली, शिजवली आणि खाल्ली. कोंबडी त्यांना आवडत नव्हती. एकेक घास पाण्यासोबत गिळत होते, पण ताट पूर्ण केलं. हजेरी बाबू एकदा त्यांच्या विमानाला पोरखेळ म्हणाला. त्यानंतर त्याला सर्दी होवो, पाय मुरगळो की पोट दुखो, आधी कडू काढा मिळे आणि मग औषध. काढ्यानं नुकसान काहीच नव्हतं, फक्त चव होती.

वस्तूंनाही सूट नव्हती. त्यांच्या खोलीच्या एका कोपऱ्यात एक लाकडी स्टूल होतं. जी वस्तू चुकली ती त्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसायची. ठोकताना निसटलेली हातोडी, दूध करपवलेलं पातेलं, वेळ चुकलेलं घड्याळ. शिक्षा किती दिवसांची हे ते मोठ्यानं सांगत आणि ती पूर्ण झाल्याशिवाय वस्तू उचलत नसत. एकदा घड्याळाला आठवडा झाला तेव्हा आठवडाभर मला येऊन वेळ विचारत होते. मी म्हटलं, "डॉक्टर, घ्या ना उचलून, कोण पाहून राह्यलं?" तर म्हणाले, "मी पाहून राह्यलो ना बाई."

त्या स्टुलावर सगळ्यात जास्त वेळा बसलं ते विमानाचं इंजिन.

इंजिन म्हणजे लहानशा लिंबाएवढं. विमानाचा सांगाडा विलायतेचा होता तो प्रवासात मोडला होता, म्हणून डॉक्टरांनी सावरीच्या हलक्या लाकडाचा नवा केला होता. पंखात बांबूच्या कामट्या, पुढचा पंखा शिवणीच्या लाकडाचा, स्वतः कोरलेला. जमिनीवर एक पेटी, तिला उंच काठी आणि एकच बटण. एकदा दाबलं की विमानाची शेपटी डावीकडे वळे, दोनदा दाबलं की उजवीकडे. तार नाही, दोरी नाही. खाणीतली माणसं रविवारी नदीच्या पात्रात पाहायला जमत. तोंडातला खर्रा चघळायचं विसरून वर बघत.

पण उडायच्या आधी सुरू व्हावं लागे, आणि तिथंच सगळा तमाशा होता. त्या इंजिनाला ठिणगी नव्हती. आतल्या दाबानंच त्याचं तेल पेटायचं. तेल म्हणजे घासलेट, एरंडेल आणि ईथर, तिन्ही सारखी सारखी. घासलेटानं ताकद यायची, एरंडेल आतलं लोखंड घासू द्यायचं नाही, पण पहिली आग पकडायची ती ईथरच. डोक्यावर एक स्क्रू, तो आवळला की दाब वाढे. बाजूला एक सुई, ती उघडली की तेल जास्त जाई. डॉक्टर बोटानं पंख्याला झटका देत, ऐकत, स्क्रू केसभर फिरवत, पुन्हा झटका देत. पंखा घट्ट झाला की लगेच हात काढून घेत. "पोटात पाणी झालं याच्या. आता जोर लावला तर हाड मोडते." मग विमान उलटं धरून आतलं तेल गाळून टाकत. सुरू झालं तर धुराड्यातून उडालेलं तेल पांढऱ्या फडक्यावर टिपून उजेडात पाहत, जशी आम्ही थुंकी पाहतो तशी. "काळं दिसून राह्यलं, बाई. कोळशाची धूळ आत गेली. सुई साफ करा लागते."

आणि कधी कधी पंखा उलटा फिरून बोटावर बसे. मग रक्त. मग टाका, डाव्या हातानं स्वतःच घातलेला. मग इंजिन स्टुलावर. "तीन दिवस. भिंतीकडं तोंड."

एक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. त्या विमानाला दवाखान्यातला कापसाचा बोळासुद्धा कधी लागला नाही. पुसायचं फडकं त्यांच्या जुन्या धोतराचं. एरंडेल घुग्घुसच्या तेल्याकडचं. ईथर नागपूरच्या दुकानातून, स्वतःच्या नावानं मागवलेलं. चांद्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. ईथर इतकं चंचल की आपल्या अंगाच्या उबेनं उकळायला लागतं. म्हणून त्यांची बाटली घट्ट काचेच्या बुचाची, आणि ती टोपलीत घालून विहिरीत सोडलेली. कंपाउंडर एकदा म्हणाला, "साहेब, विहिरीत काऊन? आपल्या कपाटात ठेवा ना, दवाखान्याच्या ईथरापाशी." डॉक्टर म्हणाले, "त्याच्यापाशी माझं ईथर उभं राहिलं तरी लोक म्हणतील नातं आहे."

त्या वर्षी भाद्रपदात वर्धेला पूर होता. चांद्याचा रस्ता बंद. दवाखान्यातलं भूल द्यायचं ईथर उन्हाळ्यापासून संपलेलं. मी मागणी पाठवली, डॉक्टरांनी पाठवली, नाडगीर साहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू, कोणाचं ऑपरेशन आहे का आता?" सुन्न करायचं इंजेक्शनही तळाला गेलेलं. रविवारी सकाळपासून ऊन पडलं होतं थोडंसं, आणि डॉक्टरांनी बऱ्याच दिवसांनी विमान बाहेर काढलं होतं. तेवढ्यात खाणीवरून चौघांनी बाजेवर टाकून सोमीबाईला आणलं.

सोमीबाई राजुऱ्याच्या बाजूच्या एका गोंड वस्तीतली. नवरा लच्छू खाली खाणीत, ही वर कोळशातले दगड वेचायला. कोळशाच्या दोन डब्यांच्या मध्ये उजवा हात सापडला होता. मी फडकं काढलं आणि परत झाकलं. अंगठा आणि करंगळी वाचण्यासारखी होती, मधल्या बोटांचं काही उरलं नव्हतं, आणि रक्त थांबत नव्हतं. थांबायला वेळ नव्हता.

मी डॉक्टरांना बाजूला घेतलं. म्हटलं, "तुमच्या घरची बाटली आहे ना? नागपूरची? पूर यायच्या आधीच तर आली."

डॉक्टर हात धूत होते. धुणं थांबलं. "सकाळीच मिसळलं," ते म्हणाले.

"सगळं?"

"सगळं. ऊन पडलं म्हणून."

घासलेट आणि एरंडेलात गेलेलं ईथर परत निघत नाही. उरलेल्या मॉर्फियाची एक सुई दिली, ती काय पुरणार. लच्छूनं तिचे खांदे धरले, मी तिचं डोकं धरलं. तिच्या तोंडात द्यायला कापडाची गुंडाळी केली होती ती पडली, आणि तिच्या दातांत माझं मनगट आलं. मी काढलं नाही. काढता आलं असतं असंही नाही. ती खूण आजही आहे, बांगडी वर सरकली की दिसते. मधल्या बोटांच्या जागी टाके घालून डॉक्टर बाहेर गेले आणि विहिरीच्या कठड्याला धरून उलटी केली. हाडांचा डॉक्टर, विलायतेत लढाईतल्या जखमा पाहिलेला माणूस.

सोमीबाई जगली. बातमी मात्र पुढं गेली. भूल न देता बाईचा हात कापला, हे मजुरांमध्ये पसरलं आणि लोक ऑफिसासमोर बसले. नाडगीर साहेबांनी काय करावं? बाहेर आले आणि हात जोडून सांगितलं की ईथर होतं हो. कंपनीनं दिलं होतं. तुमच्या डॉक्टरांनी ते विमानात जाळलं, सगळ्यांनी पाहिलंय दर रविवारी, वासही घेतलाय तुम्ही. मी चौकशी लावतो.

मी तिथं होते. त्या आवाजात इतकं दुःख होतं की क्षणभर मलाही वाटलं, बिचारा. मग माझं मनगट ठणकलं.

लोकांनी वास घेतला होता हे खरंच होतं. दुसऱ्या दिवशी लच्छू सोमीबाईची पट्टी बदलायला घेऊन आला. तिला आत पाठवलं, स्वतः उंबऱ्याबाहेर थांबला, आणि डॉक्टर समोर आले तेव्हा उंबऱ्यावर थुंकला. डॉक्टरांनी ते स्वतः पुसलं. पट्टी बांधली. सोमीबाई त्यांच्याकडं पाहत नव्हती, भिंतीवरच्या पालीकडं पाहत होती.

त्यानंतर नाडगीरांचं नाव डॉक्टरांच्या तोंडून मी ऐकलं नाही. हे वाईट लक्षण होतं. कोंबडीचंही नाव ते घेत नव्हते, शिजेपर्यंत.

दिवाळीच्या आधी साहेबांचा माणूस आला. चौकशीचा पुरावा म्हणून विमान जप्त. मला वाटलं डॉक्टर त्याला विहिरीत टाकतील. त्यांनी त्याला चहा दिला. विमान स्वतः पुसून दिलं, पंख कापडात गुंडाळून दिले, बटणाची पेटी दिली, कुठली बॅटरी कुठं ते दाखवलं. मग विहिरीतून टोपली वर ओढली. त्या रविवारी मिसळलेल्या तेलाची बाटली पुसली, काचेचं बूच काढून खिशात टाकलं, आणि तिथं लाकडी बूच बसवलं. जुनं, वाळलेलं, दाबलं तरी हलणारं.

माणूस गेल्यावर मी म्हटलं, "ते बूच ढिलं होतं, डॉक्टर."

"हो."

"आणि चौकशीत तुम्ही काही बोलले नाही. मी सांगितलं असतं ना, ईथर नव्हतंच म्हणून."

"तुम्हाले काढून टाकतील, बाई. आणि लच्छू तरी मानते का आपलं? मले मानलं नाई त्यानं." ते खिशातल्या काचेच्या बुचाशी खेळत होते. "हिसकावलेली वस्तू मिरवल्याशिवाय राहवत नाई माणसाले. साहेब ते विमान उडवणार. पाहुणा आला, मंत्री आला, मुलीचं लगन निघालं, कधी ना कधी उडवणार. मले घाई नाई. ईथर आपल्या मनानं जाऊन राह्यलं तिथून."

मग दवाखान्यात ईथर आलं. चौकशीत बरं दिसावं म्हणून साहेबांनी भरपूर मागवलं. मी ते कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली. ती किल्ली आंघोळीलाही सोडत नव्हते मी. हिवाळा गेला, होळी गेली. चौकशी रेंगाळत होती, म्हणजे डॉक्टरांच्या गळ्यात दोरी तशीच होती. लोक औषध घ्यायचे आणि वाटेत बोलायचे. बाळंतपणाला बाया कळा दाबून चालत घुग्घुसला जायच्या, इथं यायच्या नाहीत. डॉक्टर रोज टेबलापाशी बसून असत, ओपीडीची वेळ संपेपर्यंत, समोर कोणी नसलं तरी.

वैशाखात नव्या खाणीचं उद्घाटन निघालं. कंपनीचे बडे साहेब कलकत्त्याहून येणार. बडे साहेब विमानांचे शौकीन, हे नाडगीरांना कळलं. झालं. मग ते आमच्याकडं आले, गोड चेहऱ्यानं. "डॉक्टर, झालं गेलं विसरू. त्या दिवशी तुमचं विमान दाखवा साहेबांना."

डॉक्टर उभे राहिले. "पुराव्याले मी हात कसा लावू, साहेब? जप्त आहे ते."

"मी परवानगी देतो."

"नाई जी. उद्या कोणी म्हटलं, मी पुरावा बिघडवला." इतकं नम्र बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. गार वारा नव्हता, चाळीसच्या वरचं ऊन होतं.

मग साहेबांनी भाच्याला मुंबईहून बोलावलं. शरद नाव, इंजिनीयर, चांगला पोरगा. असली छोटी विमानं उडवलेली होती त्यानं. आदल्या संध्याकाळी आला, प्रवासानं दमलेला, पेटीच्या बॅटऱ्या नव्या टाकल्या, बटणानं शेपटी हलते हे पाहिलं आणि झोपला. बाटली साहेबांच्या टिनाच्या कोठारात होती. अख्खा उन्हाळा.

डॉक्टरांनी त्या सकाळी एकच काम केलं. उद्घाटनाच्या मंडपाजवळ प्रथमोपचाराचं टेबल लावायचं होतं, ते पहिल्या रांगेला लागून लावलं. आणि कंपाउंडरला सांगितलं, "सोमीबाईचा हात आज बड्या साहेबाले दाखवाचा आहे. तिले आणि लच्छूले पुढं बसव, आपल्या टेबलापाशी." लच्छू डॉक्टरांच्या बोलावण्यानं आला नसता. बड्या साहेबाचं नाव ऐकून आला. हात मांडीवर ठेवून, मान वळवून बसला.

भाषणं झाली, नारळ झाला. मग शरदनं विमान आणून मधोमध ठेवलं. बाटलीतलं तेल घातलं, इंजिनाच्या तोंडावर बोट ठेवून पंखा फिरवला, मग झटका दिला. काही नाही. दाब वाढवला. झटका. काही नाही. सुई उघडली, मग तेल जास्त झालं, पंखा घट्ट झाला, त्यानं हुशारीनं विमान उलटं करून गाळलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू. सगळं बरोबर करत होता तो. माझ्या शेजारी डॉक्टर हातांची घडी घालून उभे होते आणि प्रत्येक वेळी हळूच मान हलवत होते, परीक्षेला बसलेल्या चांगल्या विद्यार्थ्याकडं मास्तर पाहतो तसे. पोराचा शर्ट भिजून पाठीला चिकटला. बोटातून रक्त आलं. बड्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. मजुरांत मागं कोणीतरी हसलं.

नाडगीरांचा चेहरा लाल होऊ लागला. "काय झालंय? नादुरुस्त आहे का?"

शरदनं बाटलीचं बूच काढलं, नाकाशी धरलं. बूच बघितलं, बोटानं हलवून पाहिलं. "इंजिन ठीक आहे, मामा. ईथर उडून गेलंय सगळं. खाली नुसतं घासलेट आणि एरंडेल राहिलंय. हे पेटायचं नाही." आणि मग, बिचाऱ्यानं, आपण काय बोलतोय हे माहीत नसताना, "थोडंसं ईथर मिळालं तर दोन मिनिटांत चालू करतो. इथं दवाखाना आहे ना?"

मी डॉक्टरांकडं पाहिलं नाही. मला पाहायची हिंमत नव्हती.

नाडगीर साहेबांना विचार करायला वेळ होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे. बडे साहेब त्यांच्या शेजारी होते, घड्याळ पाहून झालं होतं, लोक बघत होते, आणि तरीही एक श्वास घेण्याइतका वेळ होता त्यांना. त्यांनी तो घेतला नाही. "सिस्टर," ते तिथूनच म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "दवाखान्यातलं ईथर आणा. बाटलीच आणा."

मागचं हसू थांबलं.

डॉक्टर म्हणाले, "आणा बाई. साहेबांचा हुकूम आहे."

मी गेले. कपाट उघडलं. बाटली काढली, एनॅमलच्या ट्रेमध्ये ठेवली, वर ऑपरेशनचं पांढरं फडकं घातलं, जसं आम्ही टेबलापाशी नेतो तसंच. आणि हळू चालत आले. सगळ्यांना दिसावं म्हणून मजुरांच्या रांगेसमोरून आले. शरदनं हात पुढं केला, मी त्याला दिलं नाही. नाडगीरांच्या समोर उभी राहिले.

"साहेब, कोणत्या रोग्यासाठी हवं आहे? नाव सांगा. आमच्या इथं विचारूनच देतात."

विमानाच्या पंखावरून एक माशी चालत होती तिचे पाय दिसत होते. बड्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं, ही बाई काय म्हणते आहे. नाडगीर काही सांगायच्या आत डॉक्टर पुढं झाले. आधी इंग्रजीत सांगितलं आणि मग वळून, मजुरांकडं तोंड करून, आपल्या भाषेत सांगितलं.

"दवाखान्याचं ईथर विमानात जाळलं, असा माझ्यावर आळ आहे. गेल्या भाद्रपदापासून चौकशी सुरू आहे. ते ईथर तेव्हा नव्हतंच, मागूनही आलं नव्हतं. आज आहे. आणि ते विमानात टाकाले मागून कोण राह्यलं, ते तुमी डोळ्यांनं पाहिलं."

नाडगीर म्हणाले, "हे... हे वेगळं आहे. आज समारंभ..." आणि थांबले. कारण त्यांचा हात ट्रेवर होता. फडक्याखालची बाटली त्यांनी धरलेली होती. सोडावी की उचलावी हे त्यांना कळत नव्हतं. मी ट्रे हलू दिला नाही. मनगट दुखत होतं, हलू दिला नाही.

बड्या साहेबांनी नाडगीरांना दोनच प्रश्न विचारले. उत्तरं काय आली ती कोणाला ऐकू आली नाहीत, पण चौकशी रद्द झाली असं ते तिथंच म्हणाले, आणि नंतर मॅनेजरसाहेबांनी बंगल्यावर भेटावं असंही म्हणाले. पावसाळ्याच्या आत नाडगीरांची बदली झाली. ते नंतरचं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की लच्छू उठला, आणि चालत येऊन डॉक्टरांच्या बाजूला उभा राहिला.

मला वाटलं, झालं. फिटलं. माझ्या पोटात इतकं गार वाटलं की लाज वाटावी. डॉक्टरांनी अजून बरंच बोलायचं ठरवलं होतं, मला माहीत होतं. हात धुताना रोज ते पुटपुटत असत, कोणत्या तारखेला मागणी गेली, कोण काय म्हणालं. ते आता सगळं सगळ्यांसमोर काढणार होते. ट्रेवरची बाटली त्यांनी उचलली, बूच काढलं आणि वर धरली. "हे पाहा," म्हणाले.

वैशाखाचं ऊन. ईथर कुठं थांबतं. वास असा पसरला की पहिल्या रांगेतल्या बायांनी पदर नाकाला लावला.

सोमीबाईनं लावला नाही. ती उठून जवळ आली होती, लच्छूच्या मागं. तिनं मान पुढं केली आणि वास घेतला. एकदा घेतला, परत घेतला. मग डॉक्टरांना विचारलं, रागानं नाही, बाजारात एखादी नवी वस्तू दिसावी आणि विचारावं तसं.

"हाच का जी तो? झोपीचा?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

"गोड हाय," सोमीबाई म्हणाली. आणि अंगठा आणि करंगळी उरलेला तो हात तिनं नाकावरून फिरवला.

डॉक्टरांनी बूच लावलं. घट्ट लावलं, दोनदा फिरवून. बाटली माझ्या ट्रेमध्ये ठेवली, फडकं नीट केलं. बडे साहेब म्हणाले, "डॉक्टर, आणखी काही सांगायचंय?" डॉक्टर म्हणाले, "नाही." आणि विमान तिथंच सोडून क्वार्टरकडं चालू लागले. शरदनं हाक मारली, त्यांनी मागं पाहिलं नाही.

पुढं दोनेक वर्षांनी ते सिरोंच्याच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात गेले. तिकडं नदी ओलांडली की तेलुगू मुलूख. तिथून त्यांचं काही कळलं नाही. विमान पुन्हा उडालेलं कोणी पाहिलं नाही. पण मला डॉक्टर म्हटलं की उद्घाटनाच्या दिवशीची ती दुपारच दिसते.

जेवणाच्या सुटीत मी त्यांच्या क्वार्टरवर गेले. सगळीकडं बोलणं चाललं होतं, नाडगीरांच्या हाताचं, ट्रेचं, लोक नकला करून दाखवत होते. समारंभ संपल्यापासून तीन बाया तपासून घ्यायला येऊन बसल्या होत्या. हे सगळं त्यांना सांगायचं होतं मला, उकळत होतं माझ्यात. दार उघडंच होतं. मी आत डोकावले.

कोपऱ्यातल्या स्टुलावर ते स्वतः बसले होते. पाठ माझ्याकडं, तोंड भिंतीकडं. हात मांडीवर. शर्ट घामानं भिजलेला, आणि टेबलावर ते काचेचं बूच ठेवलेलं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "लोक येऊन बसले आहेत. तुमची वाट पाहत आहेत."

"बसू द्या थोडं. मीबी आत्ताच बसलो, बाई."

किती दिवसांसाठी, हे मी विचारलं नाही. दार लोटून घेतलं आणि त्या बायांना जाऊन सांगितलं की डॉक्टर येतील, उशीर लागेल.